नवीन ऑफिसचं नेटवर्क टाकताय? राउटर नंतर, आधी वायरिंग

नवीन जागा ताब्यात आली की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, राउटर कुठला घेऊ. खरं तर राउटर शेवटी बघितला तरी चालतं, नाही पटला तर उद्या काढून दुसरा लावता येतो, पण एकदा रंग मारून फर्निचर बसलं की केबल बदलायला भिंत कोण फोडणार? त्यामुळे डोकं चालवायचं ते वायरिंगमध्ये, आणि ते पण इलेक्ट्रिशियनचं काम चालू असतानाच.

सगळ्यात आधी कागदावर जागेचा साधा नकाशा काढा. टेबलं कुठे, प्रिंटर कुठे, कॅमेरे कुठे, इंटरनेटची लाइन आत कुठून येणार. प्रत्येक टेबलापाशी दोन पॉइंट धरा, आज एकच लागणार असला तरी, कारण एक केबल ओढा नाहीतर दोन, मेहनत जवळपास तेवढीच. छतावर वायफायसाठी एक-दोन पॉइंट ठेवा, हे लोक हटकून विसरतात. सगळ्या केबल एकाच ठिकाणी येऊ द्या, तिथे भिंतीवर छोटा रॅक, जागा हवेशीर पाहिजे आणि पाण्याच्या पाइपपासून लांब.

केबल कॅट ६ घ्या. कॅट ५ई वरसुद्धा १ गिगाबिट आरामात मिळतं आणि आज तेवढं पुरतं, पण कॅट ६ वर साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट जातं, म्हणजे पुढची सोय आत्ताच झाली. एक लाइन नेटवर्क स्विचपासून (ज्या डब्यात सगळ्या केबल जोडतात) कंप्युटरपर्यंत १०० मीटरच्या वर नको, त्यात दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड, म्हणजे जोडायच्या छोट्या केबल, पण धरायचे. आता खरी गोम इथे आहे, स्वस्तातली केबल बऱ्याचदा सीसीए असते, म्हणजे आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून नुसता तांब्याचा मुलामा, ती वाकवली की तुटते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला पॉवर द्यायला गेलात की लांबवर व्होल्टेज पडतं आणि केबल गरम होते ते वेगळंच. बॉक्सवर प्युअर कॉपर लिहिलंय का बघा आणि टोक खरवडून पण बघा, आत चंदेरी दिसलं तर परत करा.

लाइटच्या वायरींच्या पाइपातून नेटवर्कची केबल अजिबात घालू नका. जिथे ओलांडावीच लागते तिथे काटकोनात ओलांडा.

क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखाच: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नंतर प्रत्येक लाइन टेस्टरवर तपासा, आणि कंप्युटर लावून लिंक स्पीड पण बघा. १ गिगाबिटच्या जागी १०० मेगाबिट दाखवत असेल तर बहुतेक एखादी तार नीट बसलेली नाही, कारण गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून नेट चालू दिसतं आणि सगळे उगाच इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसतात. दोन्ही टोकांना नंबर चिकटवा, नंतर करू म्हटलं की ते कधीच होत नाही.

स्विच घेताना पॉइंट मोजा आणि वर चार-सहा पोर्ट शिल्लक राहतील असा गिगाबिट स्विच घ्या. कॅमेरे आणि वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचे असतील तर पीओई स्विच, म्हणजे त्याच केबलमधून पॉवर जाते, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही. साध्या पीओईत एका पोर्टला १५.४ वॉट मिळतात, पीओई प्लसमध्ये ३०, पण स्विचचे एकूण वॉट किती हे वेगळं लिहिलेलं असतं, ते बघूनच घ्या. आणि एका केबलची दोन्ही टोकं चुकून एकाच स्विचमध्ये गेली तर साधा स्विच सगळं नेटवर्क आडवं पाडतो, म्हणून मोकळी लोंबणारी केबल रॅकमध्ये ठेवायचीच नाही.

आता राउटर. इंटरनेट कंपनीचा डबा सहसा स्वतःच राउटर असतो, तुमचा त्याच्यामागे लावणार असाल तर त्यांना डबा ब्रिज मोडमध्ये टाकायला सांगा, म्हणजे राउटरचं काम फक्त तुमचाच करेल. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे उपकरणांचे पत्ते, १९२.१६८.०.x किंवा १९२.१६८.१.x ठेवू नका, घरोघरी तेच असतात आणि उद्या कोणी घरून व्हीपीएननं (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) जोडलं की गोंधळ, त्यापेक्षा १९२.१६८.५०.x किंवा असलं काहीतरी घ्या. डीएचसीपीला, म्हणजे आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीला, शेवटचे आकडे १०० ते २०० द्या आणि प्रिंटर, सर्व्हर, कॅमेरे यांना १०० च्या खालचे ठरलेले नंबर, मग प्रिंटर मधेच गायब झाला ही तक्रार येत नाही.

वायफायचं थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच ठेवा, मधले घेतले की शेजारच्या चॅनलशी टक्कर होते. लॅपटॉप, मोबाइल शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ ठेवा, जुनी उपकरणं जोडत नसतील तर डब्ल्यूपीए२, आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं जोडायची सोय) बंदच. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या, तिथून ऑफिसचे कंप्युटर दिसता कामा नयेत. कॅमेरे पण वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच स्विचवर केलेल्या वेगळ्या नेटवर्कवर, टाकता आले तर उत्तम, त्यांची फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कोणी अपडेट करत नाही हो. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला, बाहेरून मॅनेज करायची सोय बंद ठेवा.

फाइली शेअर करायला नॅस, म्हणजे नेटवर्कवरचा डिस्कचा डबा, घेतलात तर रेडला (तोच डेटा दोन डिस्कवर ठेवायची सोय) बॅकअप समजू नका, एक डिस्क गेली तर रेड वाचवतं, पण कोणी फोल्डर उडवलं किंवा व्हायरसनं लॉक केलं तर दोन्ही डिस्कवर तेच होणार. एक कॉपी ऑफिसच्या बाहेर पाहिजेच, आणि तिच्यातून एखादी फाइल परत काढून बघा.

सगळं जोडून झालं की विजेचा मेन स्विच पाडा. कंपनीचा डबा, राउटर आणि स्विच तिन्ही यूपीएसवर आहेत ना हे तेव्हाच कळतं, बरेचदा डबाच राहिलेला असतो. कुठला नंबर कुठल्या टेबलाचा आणि कोणाला कुठला आयपी याचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा, पासवर्ड मात्र त्यावर नको.