टॉर्चने काढलेली चित्रं हलवायची कशी?

अंधारात कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून समोर टॉर्च फिरवला की फोटोत प्रकाशाची रेघ उमटते. १९४९ मध्ये जॉन मिली या छायाचित्रकाराने पिकासोच्या हातात छोटा दिवा देऊन हवेत चित्रं काढून घेतली होती, ती याच पद्धतीने. असं चित्र दर वेळी थोडं बदलून पुन्हा पुन्हा काढायचं आणि फोटो एकापाठोपाठ एक पळवायचे, की झालं ॲनिमेशन. अडचण खरी एकच आहे: काढताना रेघ तुम्हाला दिसत नाही, आणि मागच्या फोटोतली कुठे होती तेही दिसत नाही. कॅमेऱ्याचं सेटिंग पाच मिनिटांत जमतं. वेळ खातं ते जागा पकडणं.

कॅमेरा आणि टॉर्च

ट्रायपॉड हवाच. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, म्हणजे सगळं हाताने ठरवायचं: आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर १० सेकंद. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या प्रो मोडमध्येही एवढं लांब शटर मिळतं. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून रिमोट किंवा टायमर वापरा. तुम्ही उभे राहणार तिथे कुणाला तरी टॉर्च धरायला लावून फोकस घ्या आणि लगेच ऑटोफोकस बंद करा. व्हाइट बॅलन्सही (रंगछटेचं सेटिंग) एकावर पक्का ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येईल. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ (लांब शटरच्या फोटोतले ठिपके काढणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करा. ते प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ पुन्हा घेतं.

टॉर्च छोटा एलईडी पुरे. काचेवर काळी चिकटपट्टी लावून मध्ये चार-पाच मिलिमीटरचं भोक ठेवा, रंग हवा असेल तर आत जिलेटीन कागद. टॉर्चचं तोंड कायम कॅमेऱ्याकडे. रेघ फिकट आली म्हणून शटर वाढवू नका, त्याने फक्त मागचा अंधार उजळतो. ॲपर्चर एफ/५.६ करा, म्हणजे छिद्र मोठं होईल, किंवा हात सावकाश फिरवा. कपडे काळे, बाह्या लांब.

पहिला प्रयोग: उसळणारा चेंडू

फिल्मच्या एका सेकंदाला १२ फोटो धरा. पाच सेकंदांच्या फिल्मला ६० फोटो लागतात. एका फोटोला अर्धा मिनिट धरलं तरी अर्धा तास. चेंडूची एक उसळी मात्र १२ फोटोंत बसते, म्हणून सुरुवातीला तीच घ्या.

छतापासून काळा दोरा सोडा आणि खाली वजन बांधा. दोऱ्याला सात गाठी मारा. सर्वांत वरच्या गाठीपासून खाली येताना अंतरं अशी: ३, ९, १५, २१, २७ आणि ३३ सेंटीमीटर. पडणारी वस्तू समान वेळात १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापते, म्हणून हे आकडे. बेरीज १०८ सेंटीमीटर होते. सहा अंतरं म्हणजे फिल्मचा अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात मोकळी पडणारी वस्तू साधारण १२२ सेंटीमीटर खाली येते, त्यामुळे हा चेंडू जवळपास खऱ्या वेगाने पडताना दिसतो. गाठी समान अंतरावर मारल्या तर तो चेंडू न वाटता लिफ्ट वाटतो.

आता दिवे बंद. डाव्या हाताची बोटं दोऱ्याच्या मागून नेऊन गाठ चाचपा, शटर उघडलं की टॉर्च दोऱ्याच्या पुढून गाठीभोवती गोल फिरवा आणि विझवा. मग पुढची गाठ. काळा दोरा फोटोत येत नाही. वर एक, खाली एक आणि मधल्या पाच गाठी जाताना-येताना दोनदा, असे १२ फोटो झाले. जमिनीपाशी गोल थोडा चपटा काढा. या एका फोटोने चेंडूला वजन येतं.

गोल दर वेळी हुबेहूब येणार नाही, आणि येऊ नये. रेघेची ती थरथर हीच या प्रकाराची गंमत आहे. म्हणूनच १२ फोटोंचा एकच संच फिरवत बसण्यापेक्षा तीन संच काढा, मग थरथर घोकल्यासारखी दिसत नाही.

गुंतागुंतीची चित्रं

पावलांची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखा, ती पायाला अंधारातही लागते. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवून मागच्या फोटोतली ठळक ठिकाणं मार्करने टिपा; मदतनीस तिथून ‘थोडं डावीकडे’ सांगू शकतो. फुलपाखरासारखा ठरावीक आकार असेल तर काळ्या पुठ्ठ्यातून कापून घ्या आणि टॉर्च त्याच्या कडेने फिरवा. अक्षरं लिहिताना तुम्ही कॅमेऱ्याकडे तोंड करून असता, म्हणून ती उलटी उमटतात. उलटं लिहिण्याचा सराव करण्यापेक्षा नंतर सगळे फोटो आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवून घेणं सोपं.

मागे खोली किंवा झाडं दिसायला हवी असतील तर प्रत्येक फोटोचं शटर तेवढंच ठेवा. संध्याकाळी हे करू नका, उजेड मिनिटागणिक उतरतो आणि फिल्म लुकलुकते.

जोडणी

ब्लेंडर किंवा डाविंची रिझॉल्व्ह या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो ‘इमेज सीक्वेन्स’ (ओळीने लावलेले फोटो) म्हणून घ्या आणि वेग सेकंदाला १२ ठेवा. रंग-उजेड सुधारायचा तर सगळ्यांना एकच सुधारणा लावा. ट्रायपॉड मात्र लगेच उचलू नका. आधी कॅमेऱ्यातच फोटो भराभर पुढे सरकवून पाहा. एखादा गोल भलतीकडे गेला असेल तर तेवढाच फोटो पुन्हा घेता येतो. कॅमेरा हलला की सगळं पहिल्यापासून.