त्रिपुरीच्या पहाटे केळीची होडी: ओडिशाची पद्धत, सांगलीचा घाट

त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी कृष्णेत दिवे सोडायला आपण जातोच, पण त्याच पौर्णिमेला पहाटे ओडिशात बोइत बंदाण असतं. घरी केलेल्या छोट्या होडीत दिवा, पान, सुपारी ठेवायची आणि नदीत नाहीतर तळ्यात सोडायची. सांगलीत हे आरामात जमतं, सामान सगळं इथलंच आहे.

आधी हे का करतात ते सांगतो, नाहीतर नुसतं शाळेतलं क्राफ्ट होईल. जुन्या कलिंगातले व्यापारी, त्यांना साधब म्हणतात, जहाजं घेऊन बाली, जावा, सुमात्रा, श्रीलंकेकडं जायचे. निघायचे कार्तिकात, कारण पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा तोवर थांबतो आणि ईशान्येकडून वारा सुटतो, शिडाच्या जहाजाला दक्षिणेला जायला तोच पाहिजे, आणि परत यायचं तर पुन्हा नैर्ऋत्येच्या वाऱ्याची वाट बघत बसायचं, म्हणजे माणूस गेला की महिनोन् महिने पत्ता नाही. घरातल्या बायका काठावर येऊन जहाजाला ओवाळायच्या, तेच हे. तिकडच्या तपोईच्या कथेत सात भाऊ समुद्रावर जातात आणि मागं वहिन्या लाडक्या नणंदेला, म्हणजे तपोईला, छळतात, शेळ्या राखायला लावतात, धाकटी वहिनी तेवढी बरी. कटकला महानदीच्या काठी याच दिवसापासून बालीयात्रेची मोठी जत्रा भरते, पण मला विचाराल तर हा सण गेलेल्यांपेक्षा मागं राहिलेल्यांचा जास्त आहे.

आता होडी. घड उतरवल्यावर केळ तोडतातच, ओळखीच्या शेतकऱ्याकडं खुंट मागा, फुकट मिळतो. वरचं वाळलेलं काढून टाका आणि आतलं वीतभर रुंदीचं सोपट, म्हणजे खोडाचा एक पदर, दीड फूट कापा. ते मुळातच पन्हाळीसारखं असतं त्यामुळं निम्मं काम झालेलंच असतं, फक्त दोन्ही टोकं चिमटून वर उचलायची आणि खराट्याची हीर आरपार खोचायची. स्टेपलर, सेलोटेप काही नको. मधे एक आडवी काडी अडकवा म्हणजे कडा आत मिटत नाहीत. कपडे जुने घाला, केळीचा चीक लागला की डाग जन्मात निघत नाही. आदल्या संध्याकाळी करून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, उघडी राहिली तर आकसते.

दिवा कणकेचा करा, मातीची पणती जड होते आणि होडी एका अंगाला कलते. ओल्या कणकेनंच तो मधोमध चिकटवा, फुलवात घाला आणि तेलाऐवजी तूप, पहाटेच्या गारव्यात ते थिजतं त्यामुळं हेलकावे बसले तरी सांडत नाही. कागदाचं शीड लावायचं तर तळहातापेक्षा लहान, मोठं लावलं की वाऱ्यानं होडी आडवी. घमेल्यात पाणी घेऊन एकदा तरंगवून बघा. थर्माकोल अजिबात नको, ओडिशातसुद्धा जुनी चाल केळीच्या सोपाची आणि शोल्याचीच, म्हणजे पाणवनस्पतीच्या हलक्या पांढऱ्या गराचीच आहे.

तारीख कॅलेंडरात नीट बघा, कारण संध्याकाळची त्रिपुरी आणि पहाटेची स्नानाची पौर्णिमा कधीकधी वेगवेगळ्या दिवशी येतात, होडीसाठी सूर्योदयाची पौर्णिमा धरायची.

घाटावर उजाडायच्या जरा आधी पोचा. पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि आपल्या कृष्णेत मगरी आहेत हे सांगायला नको, तेव्हा अंधारात पाण्यात उतरायचं नाही, शेवटच्या कोरड्या पायरीवर बसूनच होडी ठेवा आणि काठीनं हळू ढकला. सोडताना तिकडं म्हणतात, ‘आ का मा बोई, पान गुआ थोई’, पुढचा भाव असा की पान-सुपारी तुझी, महिन्याचं पुण्य माझं. नाणं ठेवलंत तर ते पोरं काढून नेतील, नेऊ द्या.

बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी संथ असतं, होडी लांब जाईल अशी अपेक्षा नको, बऱ्याचदा काठालाच घुटमळते. दिवा विझल्यावर काठीनं ओढून घ्या, हीर काढा, सोपट शेणखताच्या खड्ड्यात टाका.

आणि जेवणाचं. तिकडं कार्तिक पौर्णिमेलाच संपतो आणि त्यातले शेवटचे पाच दिवस म्हणजे पंचुक, तेव्हा बगळासुद्धा मासा खात नाही म्हणतात. पौर्णिमा सरली की दुसऱ्या दिवशी छाडखाई, म्हणजे आपल्याकडं श्रावण सुटल्यावर मटणाच्या दुकानासमोर जी लाईन लागते तसलाच प्रकार, तेव्हा शेजारी कुणी ओडिया असेल तर त्या दिवशी जेवायला बोलवायची वाट बघा, आणि होडीचं सामान जास्तीचं आणून एक त्यांनाही द्या.