‘निरंक’ लिहिण्यापूर्वी : नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी

प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालो तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम, २००५’ हा दिल्ली आणि जिनिव्हाचा विषय आहे, अशीच माझी समजूत होती. १५ जून २००७ पासून लागू असलेल्या या नियमांनुसार गंभीर साथघटनेचे मूल्यमापन ४८ तासांत करायचे असते, आणि ती आंतरराष्ट्रीय चिंतेची ठरण्याजोगी वाटल्यास पुढील २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवणे देशावर बंधनकारक असते. भारतात ही जबाबदारी राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे आहे. मात्र याच नियमांच्या पहिल्या परिशिष्टात गावपातळीचे कामही सांगितले आहे: त्या जागी, त्या दिवसांत एरवी दिसते त्याहून जास्त आजार वा मृत्यू दिसताच उपलब्ध माहिती लगेच वर कळवणे. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कुणी सांगितले नव्हते.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात एका वस्तीत ताप आणि सांधेदुखीचे रुग्ण वाढले. ते सगळे खासगी दवाखान्यात जात होते, त्यामुळे आमच्या आरोग्यसेविकेच्या एस फॉर्मवर (लक्षणांवरून संशयित रुग्ण नोंदवायच्या तक्त्यावर) ‘निरंक’, म्हणजे एकही रुग्ण नाही, असे आले आणि मी खाली सही केली. नंतर शंका आली, तेव्हा ‘उगाच तालुक्याचे नाव नको’ असे वरिष्ठांनी सुचवले आणि मी गप्प बसलो. आजार चिकुनगुनियाच निघाला. पण तो कळायला अकरा दिवस गेले, आणि ती चूक माझीच होती.

जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला, तोही गावात तापाचे रुग्ण वाढल्यामुळे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले म्हणून. गावात दिसतो तो नुसता ताप. झिकाचे नाव प्रयोगशाळेतून येते. म्हणून निदानासाठी थांबू नका. घटना गंभीर आहे का, अनपेक्षित आहे का, देशाबाहेर पसरेल का, प्रवास वा व्यापारावर निर्बंध येतील का, हे चार प्रश्न दिल्लीत विचारले जातात आणि दोहोंचे उत्तर ‘होय’ आले तरी जागतिक आरोग्य संघटनेला कळवावे लागते. त्यांची उत्तरे मात्र तुमच्या नोंदवहीतून जातात.

आता मी ‘निरंक’वर सही करण्यापूर्वी गावातल्या खासगी डॉक्टरांना आणि औषध दुकानदाराला फोन करतो, आशाताईंना कोणत्या घरी एकापेक्षा जास्त माणसे अंथरुणाला खिळली आहेत ते विचारतो, आणि शंका आल्यास रोग सर्वेक्षणाच्या सरकारी पोर्टलवर नोंद करूनही जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांशी स्वतः बोलून ती वेळ वहीत लिहून ठेवतो.