कर्करोगाचा धोका ओपीडीतच हेरण्यासाठी

"घरात कुणाला कॅन्सर?" असं घाईत विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं. नातं धरून विचारा: आई, वडील, भावंडं, मुलं, मग आजी-आजोबा, मावशी, आत्या, काका, मामा. कोणता अवयव आणि निदान कितव्या वर्षी, दोन्ही लिहा. वय गाळलेली नोंद जवळजवळ निरुपयोगी. वडिलांना ४८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मुलाची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) साधारण ३८व्या वर्षी सुरू होते. स्तनाच्या कर्करोगासाठी वडिलांकडची बाजूही विचाराच. बीआरसीए जनुकातला दोष तिकडूनही येतो.

सिगारेटचा हिशोब पॅक-इयरमध्ये करा: रोजची पाकिटं (एक पाकीट म्हणजे २० सिगारेट) गुणिले वर्षं. रोज १० सिगारेट ३० वर्षं ओढल्या म्हणजे १५. चघळायचा तंबाखू वेगळा विचारा, आणि तोंड उघडायला सांगून गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली बॅटरीने पाहा. अर्धा मिनिट लागतो.

सगळ्यात जास्त निसटतो तो लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया. पुरुषात किंवा पाळी बंद झालेल्या स्त्रीत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) कमी आलं, तर रक्त कुठून जातंय हे शोधायलाच हवं. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ थेंबाथेंबाने पाझरते, शौचाला लाल काही दिसत नाही. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर चढतं, सगळे निश्चिंत होतात, गाठ वाढत राहते. गोळ्या जरूर द्या, पण एंडोस्कोपी (अन्ननलिका आणि जठराची दुर्बिणीतून तपासणी) आणि कोलोनोस्कोपीची चिठ्ठीही त्याच दिवशी. मूळव्याध दिसली म्हणून रक्ताचं कारण सापडलं असं धरू नका. शौचातलं अदृश्य रक्त शोधणारी फिट चाचणी स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे लक्षणं नसताना केलेल्या तपासणीत, पॉझिटिव्ह आली, तर ती पुन्हा करून निगेटिव्ह येण्याची वाट पाहू नका. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच.

स्क्रीनिंग लक्षणं नसलेल्यांसाठी असतं; लक्षण असेल तर नॉर्मल स्क्रीनिंगवर विसंबू नका. पाळी बंद झाल्यावर रक्त गेलं, तर आधीचा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी) नॉर्मल असला तरी गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी हवी. खोकल्यातून रक्त पडतंय आणि एक्स-रे स्वच्छ आहे, तरी सीटी लागू शकतो. सरसकट 'ट्यूमर मार्कर' (कर्करोगात वाढू शकणाऱ्या घटकांच्या रक्तचाचण्या) मात्र टाळा: त्यातलं सीए-१२५ एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो कर्करोग नसलेला आजार) वाढतं आणि रुग्ण विनाकारण धास्तावतो.

"बरं नाही वाटलं तर या" हे पुरेसं नाही. तोंडातला व्रण ३ आठवड्यांत भरला नाही, तर कोणत्या तारखेला यायचं ते कागदावर लिहून द्या. तीच तारीख दवाखान्याच्या वहीतही लिहा, आणि रुग्ण आला नाही तर फोन कोण करणार, त्याचं नाव शेजारी.