रॅम घेताना आणि वाढवताना या चुका टाळा

रॅम बसवणं हे पीसीतलं सगळ्यात सोपं काम मानलं जातं. स्लॉटची खिट्टी उघडायची, स्टिक दाबायची, झालं. म्हणूनच मदरबोर्डाचं मॅन्युअल कुणी उघडत नाही आणि ‘रॅम दुप्पट केली तरी पीसी आहे तसाच’ म्हणत लोक माझ्याकडे मशीन घेऊन येतात. गेली काही वर्षं मी त्याच त्या चुका दुरुस्त करतोय.

पहिली चूक, पुढेमागे दुसरी घेऊ म्हणून १६ जीबीची एकच स्टिक घेणं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत तर हे अजिबात करू नका. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते याच रॅमवर चालतं. ३२०० वेगाची डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी, त्यानंतरची डीडीआर५) एका चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरपर्यंतच्या एका वाटेवर, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, दोन चॅनलवर ५१.२ जीबी. गेम अडखळत असेल तर कारण बहुधा इथेच असतं. तेव्हा ८-८ च्या दोन घ्या. आणि चार स्लॉटच्या बोर्डात त्या शेजारीशेजारी खोचू नका. एकाच चॅनलवर बसतात. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, म्हणजे ए२ आणि बी२. मॅन्युअलमध्ये त्याचं चित्रच असतं. बसवल्यावर सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये चॅनल तपासा. डीडीआर५च्या एकाच स्टिकलाही तिथे २ × ३२ बिट दिसतं, ते पाहून ड्युअल चॅनल मिळालं असं समजू नका. दोन स्टिक नीट बसल्या असतील तर ४ × ३२ दिसतं.

वेगाचंही तसंच. ३६००ची रॅम घेतात आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग, चालूच करत नाहीत, मग ती २१३३ किंवा २६६६ वर रांगत राहते. उलटही होतं. इंटेलचा आय५-१०४०० प्रोसेसर आणि एच४१० बोर्ड या जोडीत वेग २६६६ च्या पुढे जातच नाही, तिथे महागडी ३६०० घेणं म्हणजे पैसे वाया. सीपीयू-झेड ३२०० च्या जागी १६०० दाखवतं ते मात्र बरोबर आहे. डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो.

आता ज्या चुकीने मला खरोखर वाईट वाटतं ती. माझ्या मावसभावाच्या पीसीत ८ जीबीची एक स्टिक होती. त्याने तशीच दुसरी आणली. कंपनी तीच, वेग तोच, स्टिकरवरचा मॉडेल नंबरसुद्धा तोच. विंडोज चालू झालं, १६ जीबी दिसली, तो खूश. दोन आठवड्यांनी ब्राउझर आपोआप बंद पडायला लागला, मग अधूनमधून ब्लू स्क्रीन. त्याने विंडोज दोनदा नव्याने टाकलं, एसएसडी बदलली, पॉवर सप्लायवर संशय घेतला. तोवर फोनमधले सगळे फोटो पीसीत कॉपी करून फोन रिकामा केला होता. एक दिवस फोटो उघडले तर कितीतरी अर्धे करडे, काही उघडेचनात.

मी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावलं. पहिल्याच फेरीत लाल ओळी, म्हणजे चुका. स्टिक एकेकटी लावली तर दोन्ही निर्दोष. दोन्ही मिळून एक्सएमपीच्या वेगावर लावल्या की चुका, वेग २६६६ वर आणला की पुन्हा स्वच्छ. म्हणजे खराब कुणीच नव्हतं, त्या दोघींना मिळून तो वेग झेपत नव्हता. सारख्याच स्टिकरखाली वेगवेगळ्या चिप असू शकतात, म्हणून कंपन्या खात्री देतात ती एका पाकिटात विकलेल्या जोडीचीच. पीसी सुधारला, फोटो मात्र गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी जोडी एकाच पाकिटातली घेतो. जुन्यात नवी मिसळावीच लागली तर वेग उतरवून ठेवतो. आणि कुठलीही रॅम बसवली की रात्रभर मेमटेस्ट, निदान चार पूर्ण फेऱ्या. एक जरी लाल ओळ आली तरी ती रॅम माझ्या लेखी नापास. ‘चालू झालं ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांना मी मशीन त्या रात्री परत देत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका. सर्व्हरमधून निघालेली स्वस्त रजिस्टर्ड रॅम साध्या बोर्डावर चालत नाही. डीडीआर५मध्ये ‘आता दोन, नंतर आणखी दोन’ असा बेत आखू नका. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या प्रोसेसरांचा अधिकृत वेग दोन स्टिकना ५२००, चार स्टिकना ३६०० आहे. विंडोजच्या एमएसकॉन्फिग सेटिंगमधल्या मॅक्सिमम मेमरीच्या चौकटीला हात लावू नका, तिने रॅम वाढत नाही. रॅम साफ करणारी सॉफ्टवेअर तर टाकूच नका. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी अर्धी रिकामी आणि जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसत असेल, तर आधी एसएसडी घ्या.

नवी डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड तेव्हा मेमरीशी जुळवून घेत असतो, घाबरून वीज तोडू नका. मी दहा मिनिटं थांबतो. तरीही काही दिसलं नाही तर वीज काढून स्टिक पुन्हा बसवतो. बऱ्याच बोर्डांवर खिट्टी एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट बसलेली कळत नाही. ‘टक्’ ऐकू यायला हवा. मग एकच स्टिक ए२ मध्ये लावून पाहतो, त्यानंतर सीमॉस क्लिअर, म्हणजे बायोसच्या सेटिंग मूळपदावर. पिना खोडरबरने घासत नाही, त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेलं मऊ कापड फिरवतो आणि पूर्ण वाळल्यावरच स्टिक परत लावतो.