डिकीची काच फुटली तर

पाऊस सरला की सोसायट्यांमध्ये गवत कापायचं मशीन फिरायला लागतं आणि माझ्याकडे डिकीच्या काचा यायला लागतात. मशीनच्या फिरत्या दोरीखाली हरभऱ्याएवढा खडा आला तरी तो गोळीसारखा सुटतो. गेल्या ऑक्टोबरात नेरूळच्या एका डॉक्टरबाईंचा फोन आला. "अहो, गाडी नुसती उभी होती, काच आपोआप फुटली." काच सहसा आपोआप फुटत नाही. जाऊन बघितलं तर ऑडी क्यू३, शेजारी ताजं कापलेलं गवत, आणि माळी पार दुसऱ्या टोकाला अगदी मन लावून कुंड्यांना पाणी घालत होता.

मी तुर्भ्याला बावीस वर्षं गाड्यांच्या काचा बसवतोय. वडील मार्केटात माथाडी होते, मी दहावीनंतर काचेत शिरलो. भाचा गेली तीन वर्षं माझ्याकडे शिकतोय. त्याला जे तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय. ज्याला हाताने काम करायची हौस आहे त्याने जोडीला एक माणूस घेऊन करावं. ज्याला करायचं नाही त्याने निदान काम चालू असताना शेजारी उभं राहून काय बघायचं ते कळून घ्यावं.

आधी काचेचं समजून घ्या. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पडदा. तडा गेला तरी ती जागेवर राहते. मागची असते टफन. ती ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने एकदम गार करतात, त्यामुळे बाहेरचा थर आवळून बसतो आणि आतला ताणलेला राहतो. मधोमध बुक्की मारलीत तर हात दुखेल. पण कडेला टोकदार खडा बसला की क्षणात सगळ्या काचेची खडीसाखर. म्हणून "थोडीच गेलीय, भरून द्या" हे पुढच्या काचेबाबत बोलता येतं, मागच्या नाही. ती कापून मापात बसवताही येत नाही. आपल्या तळोज्यात 'असाही इंडिया' या कंपनीचा काचेचा कारखाना आहे, तिथे वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट काच बनते. ती आधी कापतात, वाकवतात आणि मग टफन करतात. एकदा टफन झाली की तिला काच कापायचा हिरा लावायचा नाही.

फुटल्यावर पहिलं काम म्हणजे डिकी उघडायची नाही. पुष्कळदा काच फुटूनही चौकटीत अडकून उभी असते. बटण दाबलंत की ती सगळी आतल्या सीटवर आणि तुमच्या पायांवर. आधी चारी बाजूंनी फोटो काढा, मग जुनी चादर आत पसरा, जाड हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा आणि बाहेरून तुकडे आत चादरीवर पाडा. कोपऱ्यात छापील शिक्का असलेला तुकडा काच चिकटवणाऱ्या सीलंटला धरून राहिलेला असतो, तो जपून ठेवा. नवी काच मागवताना उपयोगी पडतो. मग प्लास्टिकचा कागद लावा, पण पत्र्यावर खोक्याची ब्राउन टेप नको. उन्हात तिचा गोंद उतरतो आणि काढताना रंगही घेऊन येतो. रंगाऱ्याची कागदी टेप घ्या. गाडी चालवावीच लागली तर एसी बाहेरच्या हवेवर ठेवा, कारण मागचं भगदाड सायलेन्सरचा धूर आत ओढतं. डॉक्टरबाई तशाच पामबीच रोडने वाशीला जाऊन आल्या आणि मग म्हणाल्या डोकं चढलंय.

विमा. कामाला हात लावायच्या आधी कळवायचं, नंतर नाही. काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापत नाहीत, रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीचे २००० रुपये तुमच्या खिशातून. ही झाली सोपी बाजू. खरा हिशोब नो क्लेम बोनसचा. पाच वर्षं क्लेम न केलेल्याला ५० टक्के सूट असते, ती एका क्लेमने शून्यावर येऊ शकते. पॉलिसीत बोनस वाचवणारी जोड घेतली आहे का ते बघा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा. महागड्या गाडीची काच महाग, हे खरं, पण तिचा हप्ताही महाग असतो.

काच मागवताना गाडीचं नाव आणि साल सांगून भागत नाही. चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलला वायपरचं भोक असलेली आणि नसलेली, रेडिओची अँटेना काचेत असलेली आणि नसलेली, अशा वेगवेगळ्या काचा असतात. काच आली की वायपरचं भोक, काचेवरची वाफ घालवणाऱ्या डिफॉगरच्या तारा, त्यांना वायर जोडायचे दोन्ही कडेचे पाय आणि वर अँटेनाच्या बारीक रेघा मोजून घ्या. कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५५३ हा आकडा शोधा. बाहेरून मागवलेली काळी 'प्रायव्हसी' काच स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. आपल्याकडे मागच्या काचेतून निदान ७० टक्के उजेड आत यायला हवा असा नियम आहे, आणि त्या काळ्या काचांतून त्याच्या निम्माही येत नाही.

आता खोलायचं. बॅटरी सुटी करा. डिकीच्या आतलं अस्तर क्लिपांवर असतं, ते पोलादी स्क्रूड्रायव्हरने उचकू नका, प्लास्टिकची पट्टी घ्या. दोनचार क्लिपा तुटणारच, आधीच जादा आणून ठेवा. वायपरच्या दांडीवरची टोपी काढली की खाली नट दिसतो, क्यू३ला १३ चा पाना लागतो. नट निघाल्यावर दांडी सहजासहजी निघत नाही, आपल्या खाऱ्या हवेत ती शाफ्टवर गंजून बसते. गंजाचं तेल मारा, चहा पिऊन या, मग दांडी ओढून काढायचा पुलर लावा. ठोकायचं नाही, आत मोटर आहे. दांडी काढायच्या आधी ती कुठे टेकत होती तिथे टेपचा तुकडा लावून खूण करा, नाहीतर नंतर वायपर काचेच्या वरच्या स्पॉयलरला आपटतो. क्यू३सारख्या उंच गाड्यांना, म्हणजे क्रॉसओव्हरना, बहुतेक वर स्पॉयलर असतो आणि काचेची वरची कड त्याच्या खाली दडते. तो उतरवावा लागतो. त्यातच तिसरा ब्रेकलाइट आणि पाण्याची नळी असते, नळी ओढून तोडू नका.

आणि एक. काच नसलेली डिकी हलकी झालेली असते, त्यामुळे तिला उचलून धरणारे शॉकर तिला झटक्यात वर फेकतात. हनुवटी सांभाळा. माझ्या हनुवटीवर खूण आहे.

मग तुकडे. यातच सगळ्यांचा अंदाज चुकतो. दाणे स्टेपनीच्या खड्ड्यात जातात, सीटबेल्टच्या बकलमध्ये, मुलांच्या सीटच्या पट्ट्यांत. सगळ्यात वाईट म्हणजे डिकीच्या पोकळ पत्र्यात. डिकी वरखाली केली की आत डाळ चाळल्यासारखा आवाज येतो. तो पूर्ण थांबेपर्यंत व्हॅक्यूमची बारीक नळी भोकांतून घालत राहायचं. डॉक्टरबाईंच्या गाडीला भाच्याने त्यात दीड तास घातला. "मामा, बास ना आता?" मी डिकी एकदा हलवली. खुळ्ळ. त्याने मुकाट्याने परत नळी घेतली.

इथून पुढे खरं काम. काच बसवायला पाच मिनिटं लागतात. ती वर्षानुवर्षं टिकणार की पहिल्याच पावसात गळणार, हे ती बसते त्या चौकटीच्या तयारीवर ठरतं. जुनं सीलंट मुळापासून खरवडायचं नाही. धारदार छिन्नीने ते सपाट करत एक ते दोन मिलिमीटरचा थर ठेवायचा, कारण कंपनीतून आलेलं ते सीलंट रंगाला घट्ट धरून असतं आणि नवं सीलंट त्यालाच सगळ्यात चांगलं चिकटतं. छिन्नी घसरून पत्रा उघडा पडला तर तिथे पत्र्याचा प्रायमर लावून वाळवायचा. हे लपवणारे कारागीर पुष्कळ आहेत. काच बसल्यावर ओरखडा दिसत नाही. दोन पावसाळ्यांनी तिथे रंगाला फोड येतो, आतून तांबूस पाणी उतरतं आणि मग डिकीच बदलायची वेळ येते. नवी मुंबईत खाडीची हवा आहे, गंजाला आमंत्रण लागत नाही.

चौकटीत आधीच कोणी सिलिकॉन भरलेलं दिसलं तर ते मात्र कणभरही ठेवू नका. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते बाथरूमचं, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. त्याचं आम्ल पत्रा खातं, आणि त्याच्यावर आपलं सीलंट धरत नाही. गाडीच्या काचेला पॉलियुरेथेनच लागतं, धंद्यात त्याला पीयू म्हणतात. ट्यूबवरची मुदत बघा. मुदत संपलेली ट्यूब वरून ठीक दिसते आणि आत गाठी असतात.

सीलंट लावायच्या आधी काच एकदा कोरडीच बसवून बघा. दोघांनी, सक्शन कप लावून. चारी बाजूंची फट सारखी झाली की काच आणि पत्रा दोन्हींवर जाईल अशी टेप लावा आणि फटीवरून ब्लेडने कापा. काच उतरवली की खुणा दोन्हीकडे राहतात, नंतर पुन्हा तिथेच बसवायची. मग काचेच्या आतल्या कडेचा काळा पट्टा क्लीनरने पुसा, त्यावर काचेचा प्रायमर एका दिशेने एकदाच फिरवा. तो वाळेपर्यंत ट्यूबवर लिहिलेली मिनिटं थांबा आणि त्यावर बोट लावू नका. बोटाचं तेलही पकड बिघडवायला पुरतं. हा काळा पट्टा शोभेचा नाही. खालच्या सीलंटला उन्हापासून तोच वाचवतो.

सीलंटच्या नळीचं तोंड व्हीच्या आकारात कापा, म्हणजे लाईन उभी, त्रिकोणी पडते. उंची साधारण १२ मिलिमीटर. गन काटकोनात धरून, न थांबता, पूर्ण फेरा. जोड वरच्या कडेला किंवा कोपऱ्यात घेऊ नका, खालच्या सरळ कडेला घ्या आणि शेवट सुरुवातीवर चढवून बोटाने दाबा. पीयू हवेतल्या दमटपणावर वाळतं, त्यामुळे आपल्या जुलैत त्यावर साय लवकर धरते. मुंबईबाहेरच्या व्हिडिओत माणूस लाईन टाकून गप्पा मारत बसलेला दिसेल, तुम्ही बसू नका. साय धरली की काच वरवर चिकटते. मात्र पावसाची दमट हवा चालते, पावसाचा थेंब चालत नाही. म्हणून पावसाळ्यात मी हे काम छपराखालीच करतो, कोणी कितीही घाई केली तरी.

काच खालून टेकवा, मग वर. खाली रबराचे ठोकळे द्या, कारण डिकीची काच जवळजवळ उभी असते आणि ओल्या सीलंटवरून हळूहळू घसरते. तळव्याने कडेकडेने दाबा, मधे नाही. चार टेपा लावा आणि सोडा.

आता माझी चूक ऐका. धंद्यात दुसरं-तिसरं वर्ष असेल. कोपरखैरण्याच्या एका गाडीला काच बसवली, बैठक एक नंबर. चारी खिडक्या बंद होत्या. मालकाने पैसे दिले, पुढचा दरवाजा धाडकन लावला, आणि आतल्या हवेच्या दाबाने माझी काच खालच्या कोपऱ्यात बोटभर बाहेर आली. डोळ्यांदेखत. सगळं काढून परत केलं, ट्यूब माझी, मजुरी शून्य. तेव्हापासून काच बसली की मी आधी पुढच्या दोन खिडक्या चार बोटं खाली करतो. मालकानेही दोन दिवस त्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. गाडी किती तासांनी हलवायची ते ट्यूबवर छापलेलं असतं, तेच पाळा. दोन दिवस प्रेशरचं धुणं नाही, आणि डिकी बटणाने उघडायची नाही.

अस्तर लावायच्या आधी वायरी जोडून डिफॉगर चालू करा. आतून काचेवर तोंडाची वाफ सोडा, तारांभोवतीची वाफ आधी निघायला हवी. एखादी तार मेली असेल तर तिच्याभोवती पट्टा तसाच धुरकट राहतो. तारेचा पाय उखडला तर फेव्हिक्विक लावू नका, त्यातून वीज जात नाही. चांदीचा वाहक गोंद मिळतो, तो लागतो. अँटेना काचेत असेल तर रेडिओवर १०७.१ लावून बघा, खरखर आली तर वरची पिन बसलेली नाही. या तारा आतल्या अंगाला असतात, म्हणून काच आतून पुसताना फडकं तारांच्या दिशेने आडवं फिरवा. स्टिकर काढायला ब्लेड लावलंत तर एका झटक्यात चार तारा जातात.

पाण्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी. एकाने डिकीत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साधी नळी सोडायची, खालून सुरुवात करून वर. वरून सुरुवात केली तर पाणी कुठून आलं ते कळत नाही. आमच्याकडे आत बसायचा मान भाच्याचा. डॉक्टरबाईंच्या गाडीत तो दहा मिनिटं बसला आणि कोरडा बाहेर आला, वरून म्हणाला आत एसी लावून दिला असता तर अजून बसलो असतो.

बाईंचा फोन परत आला तो थेट फेब्रुवारीत. मला वाटलं गळती. तर म्हणाल्या, सीटच्या फटीत काचेचा एक दाणा सापडला. एक-दोन निघतातच, त्यासाठी गाडी आणायची गरज नाही.