पृथ्वीच्या इतिहासाचा पहिला पेपर: आधी क्रम, मग आकडे

भूशास्त्राच्या पहिल्या वर्षात पृथ्वीच्या इतिहासाचा पेपर आला की बहुतेक मुलं कालश्रेणीचा तक्ता पाठ करायला घेतात. कँब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिल्युरियन असं म्हणत नावं बसतात, शेजारचे आकडेही बसतात. मग परीक्षेत भूछेदाचं, म्हणजे जमिनीच्या उभ्या कापाचं, चित्र समोर येतं आणि पेन अडतं. खडकाकडे बघून आधी काय घडलं आणि नंतर काय, हे ठरवता येणं हा या पेपरचा गाभा आहे. तक्ता त्यातूनच पुढे तयार झाला. विल्यम स्मिथने १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला तेव्हा एकाही थराचं वय वर्षांत कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्याजवळ थरांचा क्रम होता आणि थराथरातले जीवाश्म होते. अभ्यासही याच वाटेने केला तर विषय लवकर हाती येतो.

भूछेद सोडवायचा सराव असा करा. समजा, तळाशी वाळूचा खडक (क), त्यावर शेल (ख), त्यावर चुनखडक (ग), आणि तिन्ही थर कललेले. त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर आडवा थर (घ). एक डाईक (भेगेत घुसून थिजलेल्या शिलारसाची भिंत) क, ख, ग यांना छेदून वर येतो, पण घच्या तळाशी कापला जातो. एक विभंग (खडक जिच्यावरून सरकतात ती भेग) मात्र ‘घ’सकट सगळ्यांना सरकवतो. खालचा थर आधीचा आणि छेदणारी गोष्ट छेदलेल्यापेक्षा नंतरची, हे धरून उत्तर सर्वांत जुन्या घटनेपासून लिहायला घ्या: क, ख, ग साचले, मग थर कलले आणि डाईक घुसला (या दोहोंत आधी कोणतं, हे चित्रावरून ठरत नाही), झीज झाली, घ साचला, विभंग पडला. गुण जातात ते दोन ठिकाणी. एक म्हणजे फक्त थर लिहिले जातात, कलणं आणि झीज राहून जातात. खरं तर घच्या खालची ती झिजलेली पातळी, म्हणजे अनकन्फॉर्मिटी, ही या चित्रातली सर्वांत मोठी घटना असू शकते, कारण तिथे कोट्यवधी वर्षांची नोंदच गायब असते. दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. डाईक कललेल्या थरांना छेदतो एवढ्यावरून तो कलण्यानंतर आला असं सिद्ध होत नाही. थरांबरोबर तोही कललेला असू शकतो. चित्रात आणखी पुरावा नसेल तर ‘या दोन घटनांचा क्रम ठरत नाही’ असं स्पष्ट लिहावं. चांगला परीक्षक त्यालाच पूर्ण गुण देतो.

थरांमध्ये समांतर पसरलेला अग्निज खडक दिसला तर तो लाव्हाचा प्रवाह की नंतर घुसलेला सिल, हेही तपासा. सिलच्या वरचा आणि खालचा, दोन्ही बाजूंचा खडक भाजलेला असतो. लाव्हा प्रवाहाच्या फक्त खालची बाजू भाजते. वरचा थर नंतर येतो, आणि त्यात त्याच लाव्हाचे झिजलेले तुकडेही सापडू शकतात.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची एक खास अडचण असते. पुस्तकातली उदाहरणं गाळाच्या खडकांची आणि जीवाश्मांची, तर घराबाहेर जिकडे तिकडे काळा कातळ, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा बेसॉल्ट. बेसॉल्टमध्ये ट्रायलोबाइटसारखा समुद्री जीवाश्म सापडणार नाही. पण क्रमाचे नियम लाव्हालाही तसेच लागू पडतात आणि घाटरस्त्याच्या कापात ते नीट शिकता येतात. एका प्रवाहाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला असतो, मधला भाग घट्ट, आणि तळाशी काही वेळा उभ्या नळ्यांसारखी भोकं. यावरून प्रवाहाची वरची बाजू कोणती ते कळतं. ही भोकं पुढे झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारेने भरतात. म्हणजे भरणारं खनिज भोकापेक्षा नवं. दोन प्रवाहांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसला तर तिथे थांबा. वरच्या प्रवाहाआधी मधल्या काळात खालचा पृष्ठभाग किंवा त्यावर पडलेली राख कुजून झालेला तो थर. त्याला रेड बोल म्हणतात, आणि उद्रेकांमधल्या खंडाची ती चांगली खूण आहे. नुसते भोकांचे पट्टे मोजून मात्र प्रवाह मोजू नका. सह्याद्रीतल्या कित्येक ठिकाणी एकच प्रवाह अनेक छोट्या जिभांचा बनलेला असतो आणि प्रत्येक जिभेला स्वतःचा भोकांचा माथा असतो.

जांभ्याचंही असंच होतं. पाचगणीच्या पठारावरचा जांभा पाहून मुलं वहीत ‘सर्वांत वरचा थर’ असं लिहितात. तो वरून येऊन साचलेला नाही; खालचाच बेसॉल्ट जागच्या जागी कुजून झालेला आहे. क्रमवारीत त्याची नोंद ‘विदारण’ अशी घटना म्हणून करायची.

क्रम जमू लागला की आकड्यांकडे वळा. चार आकडे आधी पक्के करा: पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, कँब्रियनचा आरंभ सुमारे ५३.९ कोटी, पर्मियनचा शेवट २५.२ कोटी, क्रिटेशियसचा शेवट ६.६ कोटी. बाकीची नावं या खुंट्यांना टांगता येतात. कागदाची पट्टी घ्या आणि १ मिलिमीटरला १० लाख वर्षं धरा. पट्टी ४.५४ मीटर भरेल. वातावरणात प्राणवायू टिकू लागला ती खूण आजच्या टोकापासून सुमारे २.४ मीटरवर येते, कँब्रियन ५४ सेंटिमीटरवर, डायनोसॉरांचा अंत ६.६ सेंटिमीटरवर. आपल्या मानवजातीची ३ लाख वर्षं ०.३ मिलिमीटरात बसतात, पेन्सिलीच्या रेघेत. ही पट्टी स्वतः बनवा. तयार चित्र पाहून तो परिणाम होत नाही.

अर्धायुष्याच्या, म्हणजे किरणोत्सारी अणूंपैकी निम्मे विघटित व्हायला लागणाऱ्या काळाच्या, गणितात सगळ्यांत जास्त घोळ होतो. दोन अर्धायुष्यांनंतर मूळ अणू संपत नाहीत, पाव उरतात. मूळ अणू १ आणि त्यातून झालेले ३ असं प्रमाण मिळालं तर एकूण ४ पैकी १ उरला, म्हणजे दोन अर्धायुष्यं. युरेनियम-२३८ असेल तर ४४७ कोटी गुणिले दोन. हे पृथ्वीच्या वयापेक्षा जास्त, म्हणजे पृथ्वीवरच्या खडकासाठी असं उत्तर आलं की गणित किंवा नमुना पुन्हा तपासायचा. पोटॅशियम-४० मध्ये आणखी एक खाच आहे. त्याच्या विघटनातून सुमारे ११ टक्केच आर्गॉन होतो, बाकीचं कॅल्शियम, त्यामुळे आर्गॉनचा आकडा सरळ सूत्रात घातला की वय चुकतं. कार्बन-१४ ने डायनोसॉरचं हाड का मोजता येत नाही हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे. ५,७३० वर्षांचं अर्धायुष्य ६.६ कोटी वर्षांत ११ हजारांहून जास्त वेळा उलटतं. मोजण्याजोगं काहीच उरत नाही. सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे ही पद्धत जात नाही.

आणि मोजलेलं वय नेमकं कशाचं, हा प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारा. वाळूच्या खडकातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणाचं वय हे ज्या खडकातून तो कण सुटून आला त्याचं वय असतं. वाळूचा खडक त्याहून जुना असू शकत नाही, एवढंच त्यातून कळतं. कुजलेल्या बेसॉल्टमधून आर्गॉन निसटतो आणि वय खऱ्यापेक्षा कमी येतं. म्हणून डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे आपल्याकडच्या या बेसॉल्टच्या, कालमापनासाठी संशोधकांनी दोन प्रवाहांमधल्या थरांतले राखेबरोबर आलेले झिरकॉनही वापरले.

खडकाचं नाव आणि काळाचं नाव यांची गल्लतही उत्तरपत्रिकांत फार दिसते. डेक्कन ट्रॅप, गोंडवाना, लॅमेटा ही खडकसमूहांची नावं. क्रिटेशियस, पर्मियन ही काळाची. ‘गोंडवाना काळात कोळसा झाला’ असं लिहू नका. गोंडवाना खडकांचं साचणं कार्बोनिफेरसच्या अखेरीपासून क्रिटेशियसच्या सुरुवातीपर्यंत चाललं. विदर्भातला कोळसा त्यातल्या पर्मियन थरांतला.

सहलीची जागा निवडायची संधी मिळाली तर चंद्रपूर घ्या. इरई गावाजवळ पैनगंगेकाठी प्राचीन हिमनदीने ओरखडलेला चुनखडक, त्याच जिल्ह्यात कोळशाचे थर, पिसदुऱ्याला डायनोसॉरांचे अवशेष असलेला लॅमेटा आणि त्यानंतर आलेला बेसॉल्ट, असा लांब पल्ला एका दौऱ्यात पाहता येतो. सोबत १० पट भिंग, थरांचा कल मोजायला क्लिनोमीटर, टेप, पेन्सिल, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची थेंबबाटली आणि हातोड्याबरोबर डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा हवाच. भिंग डोळ्याला चिकटवून धरा आणि खडक त्याच्याजवळ, सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणा. उलटं केलं तर काही दिसत नाही. जीवाश्मांच्या जागी हातोडा पिशवीतच राहू द्या. घाटातले काप पाहायला दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात कापावर शेवाळ चढलेलं असतं आणि दरड कोसळायचा धोकाही असतो. फोटोआधी वहीत रेखाचित्र काढा, त्यावर उत्तर दिशा, मोजपट्टी आणि कोणती सीमा कुणाला कापते हे लिहा. हे तिथेच लिहिलं नाही तर खोलीवर परतल्यावर फोटोवरून ठरवता येत नाही.